खोलगट आरसा आणि आमची शेणव्याकडची शाळा

शिक्षकाकडे किस्से कसे जमतात सांगू? साडीच्या निऱ्यांत खडूची पूड जमते ना, तसे. शाळेत असताना लक्षही जात नाही. घरी येऊन साडी झटकली की कळतं, अरे, एवढं सगळं आपण बरोबर घेऊन आलो!

शेणव्याच्या पुढे एका छोट्या हायस्कुलात मी चौदा वर्षं विज्ञान शिकवलं. आता शहापुरात, मोठ्या शाळेत आहे. घरापासून चालत दहा मिनिटं. सगळे म्हणतात, सुटलीस बाई त्या जीपच्या धक्क्यांतून. सुटले खरी. इथे स्मार्ट बोर्ड आहे. नववीचा प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा आला की मी एक बटण दाबते. बोर्डावर अंतर्वक्र आरसा येतो, लाल किरण सरळ येतात, आरशावर आपटतात आणि शहाण्यासारखे एका बिंदूत जमतात. मुलं चित्र उतरवून घेतात. वीस मिनिटांत धडा खलास. उरलेल्या वेळात मी बोलत बसते, आणि बोलता बोलता पोचते शेणव्याला. मुलांना वाटतं, बाईंनी ऑफ पिरियड दिला.

त्या शाळेत गोलीय आरसे दोनच. एक अंतर्वक्र, म्हणजे खोलगट, चमच्याच्या आतल्या बाजूसारखा. दुसरा बहिर्वक्र, म्हणजे फुगीर, चमच्याच्या पाठीसारखा. पण त्या दोन आरशांचे किस्से संपत नाहीत.

*

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. पहिलंच प्रॅक्टिकल. अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर काढायचं. करायचं काय, तर आरसा खिडकीकडे तोंड करून धरायचा, समोर पांढरा कागद धरायचा आणि पुढेमागे करत राहायचं. एका जागी कागदावर बाहेरच्या झाडाचं चित्र स्वच्छ उमटतं. रंगासकट. पानं हलली की कागदावरही हलतात. तिथपासून आरशापर्यंतचं अंतर मोजलं की झालं.

आमच्या खिडकीसमोर चिंच होती. कागदावर तीच चिंच उमटली, करंगळीएवढी, बुंधा वर आणि शेंडा खाली. एकेका गटाला बोलावून मी दाखवत होते. दूरच्या वस्तूची प्रतिमा उलटी, लहान आणि वास्तव असते, वास्तव म्हणजे पडद्यावर घेता येते ती, वगैरे. मुली कागदाभोवती डोकी घालून उभ्या. वहीत कुणी काही लिहीना. मला वाटलं, समजलंच नाही वाटतं.

तेवढ्यात एकीने शांतपणे विचारलं, "बाई, मग हिच्या चिंचा वर पडतात का?"

बी. एस्सी., बी. एड. आणि पाठीशी दुसऱ्या शाळेतला दोन वर्षांचा अनुभव. मी म्हटलं, बघू या. आणि खरं सांगते, आम्ही अख्खा पिरियड त्या कागदाकडे बघत चिंच पडायची वाट पाहिली. पडली नाही. घंटा झाली. आज वाटतं, अजून दहा मिनिटं थांबायला हवं होतं.

*

आमचे प्रयोगशाळा परिचर म्हणजे पंडितमामा. सकाळी दारात भेटले की "जयभीम, बाई" म्हणायचे आणि प्रयोगशाळेचं कुलूप उघडायचे. मी यायच्या आधी वीस-बावीस वर्षं ते त्या खोलीत होते. परीक्षानळी कोणत्या साली फुटली आणि कुणाच्या हातून, हे त्यांना तोंडपाठ.

दोन्ही आरसे ते एका निळ्या खणात गुंडाळून ठेवायचे. कापड मऊ होतं, जरीच्या काठाचं. एकदा मी सहज म्हटलं, मामा, आरशाला एवढा चांगला कपडा? ते म्हणाले, घरात पडून होता. बायकोने शिवायला म्हणून आणला होता, शिवायचा राहिला. एवढंच म्हणाले. त्यांची बायको मी यायच्या आधीच्या वर्षी गेली होती, हे मला नंतर कळलं.

आरशांच्या पाठीवरची लेबलं कधीच गळून पडली होती. नव्या माणसाला कोणता खोलगट, कोणता फुगीर, पटकन कळत नसे. मामांना विचारलं की ते बोट लावून बघत नसत. आरसा चेहऱ्याजवळ धरायचे, अर्धा क्षण बघायचे आणि सांगायचे, हा अंतर्वक्र. चूक कधी नाही. जवळून बघितलं तर अंतर्वक्र आरशात चेहरा सरळ आणि मोठा दिसतो, बहिर्वक्रात लहान. पुस्तकातलीच रीत होती ती, पण मामा पुस्तक वाचून ती शिकले नव्हते.

एकदा मी विचारलं, मामा, एवढं पटकन कसं ओळखता?

ते आरसा पुसत म्हणाले, "सोपं हाय बाई. या शाळेत मला मोठा करणारा हा एकच."

*

तपासणीचा किस्सा छोटा आहे. एक साहेब आले होते. कडक इस्त्री, कडक आवाज. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, सकाळपासून रुमालाने मान पुसत होते. साहेब नववीच्या वर्गात आले आणि पहिल्याच बाकावरच्या मुलीला उभं केलं. अंतर्वक्र आरशाचा व्यवहारातला उपयोग सांग.

मी मनात म्हटलं, दाढीचा आरसा म्हण, दाताच्या डॉक्टरचा म्हण, काहीही म्हण, पण म्हण.

ती म्हणाली, गाडीच्या पुढच्या दिव्यात असतो. साहेब खूश झाले. उदाहरण दे, म्हणाले.

"तुमच्या जीपमधी हाय ना साहेब. डाव्या अंगाचा फुटलाय."

मोठ्या सरांचा रुमाल मानेवरच थांबला. साहेब बाहेर गेले, जीपला वळसा घालून पुढे आले, वाकून बघितलं. मग परत येऊन शेरेबुकात लिहिलं, 'विद्यार्थ्यांची निरीक्षणशक्ती उत्तम.' ते पान मोठ्या सरांनी झेरॉक्स काढून फ्रेम करून घेतलं.

*

भोईर सर गणिताचे. माणूस मुरबाडच्या पलीकडचा. घर, शेती, आई, बायको, लहान मुलगी, सगळं तिकडे. इथे शेणव्यात एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी दुपारी मोटरसायकलवर घरी जायचे आणि सोमवारी पहाटे निघून पहिल्या तासाला हजर. डब्यात सोमवारी भाकरी असायची, मंगळवारपासून वडापाव. त्यामुळे सोमवारी आम्ही त्यांच्या डब्याभोवती बसायचो.

एकदा त्यांनी शहापूरच्या बाजारातून दाढीचा गोल आरसा घेतला. अंतर्वक्र, चेहरा मोठा दाखवणारा. तो घरी नेऊन ओटीच्या भिंतीला लावला. पुढच्या सोमवारी ते डबा उघडून बसले, पण जेवेनात. मी विचारलं, काय झालं?

मग त्यांनी सांगितलं. पाच वर्षांची मुलगी समोरच्या भिंतीशी खाटेवर बसून त्या आरशाकडे बघत होती. हे आरशाला नाक लावून दाढी करत होते तेव्हा तिला त्यांचा चेहरा केवढा तरी मोठा दिसला. दाढी झाली, कपडे केले, बॅग घेतली आणि निघायला दारापर्यंत गेले. ती अजून आरशातच बघत होती. तिने तिथूनच हाक मारली.

"बाबा, तुमी आरशाजवळ असलात की मोठे होता. दारात गेलात की उलटे होता. जाऊ नका ना."

भोईर सर गणिताचे, त्यामुळे त्यांनी मला नाभीपासूनचं अंतर विचारलं. वस्तू नाभीच्या, म्हणजे किरण जमतात त्या बिंदूच्या, आत असली की प्रतिमा मोठी आणि सरळ, बाहेर गेली की उलटी. मी कागदावर आकृती काढून दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि डबा तसाच बंद केला. त्या सोमवारची भाकरी कुणीच खाल्ली नाही.

*

याच भोईर सरांचा बदलीचा अर्ज. आमच्या संस्थेची एक शाळा मुरबाडजवळ आहे. तिथे बदली मिळावी म्हणून ते दर वर्षी अर्ज करायचे. सात वर्षं. दर वर्षी तोच मजकूर, तेच अक्षर, आणि उत्तर कधीच नाही.

आठव्या वर्षी ते अर्ज लिहायला प्रयोगशाळेत बसले, कारण स्टाफरूममध्ये पंख्याने कागद उडतो. लिहून झाला. शाई सुकायला म्हणून त्यांनी तो प्रयोगाच्या स्टँडला चिमटा लावून उभा केला आणि तासाला गेले. तो स्टँड पडद्याचा होता. त्याच्या समोर दुसऱ्या स्टँडवर अंतर्वक्र आरसा होता. तो तिथे कुणी ठेवला होता? मी. खिडकीकडे तोंड करून. सकाळची दहाची वेळ, हिवाळ्याचं ऊन सरळ आत.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. सूर्याचे सगळे किरण आरशावरून परत फिरले आणि अर्जावर एका ठिपक्यात जमले. पंडितमामांना धुराचा वास आला म्हणून ते धावले. तोवर अर्जाला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. कडा काळ्या, बाकी अर्ज शाबूत.

मला रडायला आलं. मी म्हटलं, सर, मी माझ्या हाताने दुसरा लिहून देते. त्यांनी भोकातून खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, चांगले अर्ज सात वेळा पाठवून झालेत, आता हाच जाऊ दे. मोठे सर नको नको म्हणत होते. पण अर्ज गेला.

तीन आठवड्यांत उत्तर आलं. आठ वर्षांतलं पहिलं. संस्थेच्या कार्यालयाचं टाइप केलेलं पत्र होतं. आपल्या अर्जातील चौथ्या ओळीतील एक शब्द जळाल्यामुळे वाचता येत नाही, तरी सदर शब्द कोणता होता ते लेखी कळवावे.

स्टाफरूममध्ये सगळे जमले. भोईर सरांनी कोरा कागद घेतला, वर दिनांक, विषय, संदर्भ, सगळं रीतसर लिहिलं. आणि मजकुरात एकच शब्द. "लवकर."

जूनमध्ये त्यांची बदली झाली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. त्यानंतर सोमवार आला की मी डबा उघडून नकळत दाराकडे बघायचे. नवे सर शहापूरचे होते. त्यांच्या डब्यात रोज पोळी असायची.

*

शाळेकडे येताना रस्त्याला एक आंधळं वळण होतं. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला भाताचं खाचर. समोरून येणारी गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नसे. आमची एक मुलगी सायकलसकट खाचरात पडली. भात कापून झालं होतं, खाचरात पाणी नव्हतं, म्हणून फक्त गुडघे फुटले. त्या वर्षीच्या नववीने प्रकल्प म्हणून ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. वळणावर बहिर्वक्र आरसा बसवावा, कारण त्यात सर्व वस्तू लहान दिसतात, पण मोठा परिसर दिसतो. खाली किरणाकृती काढली होती. सरपंचबाईंनी ती आकृती सभेत सगळ्यांना दाखवली म्हणे. आरसा बसला. खांबावर, भला मोठा, फुगीर.

दुसऱ्या दिवसापासून गंमत. शेतावर जाणाऱ्या बायका थांबून त्यात बघून अंबाडा नीट करायच्या. वानरं यायची आणि आतल्या वानरांना दात दाखवून जायची. आणि एक सोनाबाई आजी रोज दुपारी खांबाखाली येऊन बसायला लागल्या.

त्यांची एकुलती एक मुलगी सुमन पुण्याला नर्स आहे. येते, पण कधी येईल ते आधी सांगता येत नाही, ड्युटी बदलते. आली तर दुपारच्या एसटीने. स्टॉप वळणाच्या अलीकडे होता आणि तिथे सावलीही होती. मी आजींना म्हटलं, आजी, उन्हात का बसता? स्टॉपवर बसा, गाडी तिथेच थांबते ना. त्यांनी वर आरशाकडे बोट दाखवलं.

"गाडी इथं आधी दिसते गो. ती वळून स्टॉपवर येईस्तवर सुमन तिच्यात असते."

मी चालायला लागले. मागून एसटीचा हॉर्न आला. मी वळून बघितलं नाही.

*

पंडितमामा निवृत्त झाले तेव्हा शाळेने विचारलं, तुम्हाला काय देऊ? ते काही सांगेनात. मी परत परत विचारलं तेव्हा लाजत म्हणाले, तेहतीस वर्षं प्रयोग मांडून दिला, एकदा करून दाखवायचाय.

शेवटच्या दिवशी तिसरा तास त्यांना दिला. विषय त्यांनीच निवडला. अंतर्वक्र आरसा, मेणबत्ती आणि पडदा. मेणबत्ती आरशापासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवायची आणि प्रतिमा कुठे पडते, केवढी पडते ते बघायचं. मामा पांढरा शर्ट घालून आले होते. मी मागच्या बाकावर मुलींमध्ये बसले. मोठे सर दारात उभे.

मामांनी मेणबत्ती लावली. "मुलांनो," म्हणाले, आणि पुढे आवाजच फुटेना. मी उठणार होते. पण मामांनी मेणबत्ती हातात घेतली आणि न बोलता लांब नेऊन ठेवली. पडदा सरकवला. छोटी ज्योत उलटी उमटली. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, लहान, उलटी, वास्तव. मामांनी मान हलवली. मेणबत्ती थोडी जवळ आणली, बरोबर वक्रता केंद्रावर, नाभीच्या दुप्पट अंतरावर. आता सगळा वर्ग म्हणाला, तेवढीच, उलटी, वास्तव. आणखी जवळ. मोठी, उलटी, वास्तव. मामा मेणबत्ती सरकवत गेले आणि वर्ग बोलत गेला. असा प्रयोग मी आयुष्यात कधी घेतला नाही.

मग मेणबत्ती नाभीवर आली. मामांनी पडदा मागे नेला, आणखी मागे, भिंतीपर्यंत. भिंतीवर नुसता पसरट उजेड. ज्योत नाही. वर्ग गप्प झाला, कारण 'अनंत अंतरावर' हे उत्तर पाठ असलं तरी म्हणायला कुणाला जमेना. एकीने विचारलं, मामा, आता प्रतिमा कुठे गेली?

मामांना तोवर आवाज सापडला होता.

"लय लांब गेली. आपल्याला दिसायची नाय. पण हाय."

त्यांनी मेणबत्ती विझवली. आरसे पुसून निळ्या खणात गुंडाळले आणि किल्ली माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून कुलूप मी उघडायला लागले. दार उघडताना तोंडातून सवयीने जयभीम निघायचं, रिकाम्या खोलीला.

*

आता सुगंधाचं सांगते. हे माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षातलं.

शाळेच्या मागे टेकडीच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, भिवंडी-कल्याणकडे. टेम्पो येतो, भांडीकुंडी, कोंबड्या, मुलं, सगळं त्यात चढतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतं. वर्गातली पटावरची पाच-सहा नावं दर वर्षी अशी गळतात. सुगंधा त्या वाडीतली. पाचवीपासून दर वर्षी ती दिवाळीनंतर जायची आणि जूनमध्ये येऊन नव्याने सगळं पकडायची. नववीत मी तिच्या आईला भेटले. या वर्षी तिला ठेवा, म्हटलं, मावशीकडे राहील, मी लक्ष देईन. पोरगी आजवर एक रात्र माझ्यावाचून झोपली नाय, एवढंच आई म्हणाली. मग हो म्हणाली. मला वाटलं, मी जिंकले.

टेम्पो जायच्या दिवशी सुगंधा शाळेत आली. मला नवल वाटलं. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, आईला पोचवायला थांबली नाहीस? ती खाली बघत म्हणाली, थांबले तर मी पण चढेन.

त्या दिवशी नेमकं नाभीय अंतराचं प्रॅक्टिकल होतं. खिडकी, आरसा, कागद. मी पहिल्या गटाला दाखवलं, मग प्रत्येकीने आपापलं करायचं. सुगंधाची पाळी आली तेव्हा बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला. टेम्पो चिंचेच्या पलीकडे, शाळेसमोर येऊन थांबला होता. कुणाचं तरी सामान चढवायचं राहिलं होतं. मागे उघड्या हौद्यात माणसं दाटीने उभी.

खिडकी सुगंधाच्या अगदी समोर होती. मान वर केली असती तर सरळ दिसलं असतं. सगळ्या मुली खिडकीशी धावल्या. मी त्यांना बाजूला केलं, का ते मलाही कळलं नाही. सुगंधाने मान वर केली नाही. ती कागद पुढेमागे करत राहिली. चित्र आधी पुसट होतं, मग एकदम स्वच्छ झालं. मी तिच्या खांद्यामागून बघत होते. कागदावर चिंच उलटी, रस्ता वर, आणि रस्त्याला टांगल्यासारखा निळा टेम्पो, बोटाच्या पेराएवढा. त्यात माणसं, तांदळाच्या दाण्यांसारखी. त्यातला एक दाणा पिवळ्या लुगड्याचा होता. तो शाळेकडे हात हलवत होता, डोकं खाली, पाय वर.

सुगंधाने कागद चिमट्याला लावला. पेन्सिल घेतली. हात स्थिर ठेवून त्या पिवळ्या दाण्याभोवती रेघ काढायला लागली. मग टेम्पोभोवती. मी तिला प्रयोगात आकृती अशी काढायची नसते हे सांगितलं नाही.

रेघ पुरी व्हायच्या आधी टेम्पो सुरू झाला. तो शहापूरच्या बाजूला निघाला, उजवीकडे. कागदावर मात्र सगळं उलटं असतं. तिथे तो डावीकडे, वाडीची वाट होती त्या दिशेने सरकायला लागला.

सुगंधा कागदावरून नजर न काढता म्हणाली, "बाई, हिकडं ती घरी चाललीय."

टेम्पो कागदाच्या कडेवरून गेला. नुसती चिंच राहिली. पेन्सिलची रेघ तिथल्या तिथे, अर्धी.

घंटा झाल्यावर सगळ्यांनी जर्नल टेबलावर ठेवली. दुपारी मी ती तपासायला घेतली. सगळ्यांची सारखीच. वस्तू : झाड. वस्तूचे अंतर : अनंत. प्रतिमेचे स्वरूप : उलटी, लहान, वास्तव. मी सह्या करत गेले.

सुगंधाच्या जर्नलमध्ये तो कागद डिंकाने चिकटवला होता. पेन्सिलची रेघ होती तशीच, डोकं खाली. त्याच्याखाली तक्ता होता, सुवाच्य अक्षरात.

वस्तू : आई.

वस्तूचे अंतर : ही जागा रिकामी होती.

प्रतिमेचे स्वरूप : उलटी, लहान, खरी.

पुस्तकात शब्द 'वास्तव' आहे. मी लाल पेन उघडलं. शब्दाला हात लावला नाही. मग खाली सही केली.